पद्माक्काचा लोहचुंबक

माझ्या बायकोला माझं सगळं माहीत होतं. मी चोरून तंबाखू कुठं ठेवतो ते, तिच्यासमोर आईशी कानडीत बोलायला लागलो की विषय कुणाचा असतो ते — सगळं. एवढी एक गोष्ट मात्र तिलाही कळली नाही. सांगतो, सांगतो म्हणेपर्यंत ती गेली. आता सांगायला उरलं कोण? मुलगा? त्याच्या नजरेत बाप जसा आहे तसा राहू दे, असं म्हणत मी म्हातारा झालो. तुमची माझी ओळख नाही, म्हणून तुमच्यापासून सुरुवात करतो. पुढं जिथं बोलायचंय तिथं जीभ अडखळू नये, एवढ्यासाठी ही तालीम आहे असं समजा.

परवा बँकेत गेलो होतो. भिंतीवर मोठा कागद लावला होता — पासवर्ड कुणाला देऊ नका, अनोळखी लिंक उघडू नका, कुणाचाही पेनड्राइव्ह लावू नका. कोपऱ्यात काळा मुखवटा घातलेला एक चोर काढला होता. माझा नंबर येईपर्यंत मी त्या चोराकडं बघत बसलो आणि मला हसू आलं. शेजारच्या बाईंनी पर्स जरा जवळ ओढली. त्यांचं काय चुकलं म्हणा. पण मला माहीत असलेला माणूस असा दिसत नव्हता हो — त्याच्या तोंडाला मुखवटा नव्हता, कपाळाला विभूती होती आणि कॉम्प्युटर-रूमची किल्ली त्याच्याच जानव्याला— नाही, आमच्यात जानवं नसतं, गळ्यातल्या लिंगाच्या दोऱ्याला बांधलेली होती. तो मी.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. सोलापुरात तेव्हा कॉम्प्युटर म्हणजे काय हे कुणाला ठाऊक? आमच्या मिलने मुंबईच्या एका कंपनीकडून वापरलेलं यंत्र घेतलं आणि ते ट्रकमधून आलं. कपाटाएवढे डबे, टेपा फिरवणारी उभी पेटी, भोकं पाडून पंच केलेली कार्डं वाचणारं यंत्र. त्यासाठी खास खोली बांधली. साऱ्या मिलमध्ये साहेबांच्या केबिनला नव्हता तो एसी त्या खोलीला होता. आणि त्या खोलीचा मुख्य मी — सिद्राम, बी.एस्सी., मुंबईला जाऊन शिकून आलेला.

काय तोरा होता माझा! चपला बाहेर. चहा बाहेर. केसांना कंगवा लावायचा तर व्हरांड्यात, कारण कोंडा उडतो. खात्यातून कुणी आलं की त्याच्या अंगावरचे सुताचे तंतू मी दारातच झटकायला लावायचो. एकदा वीव्हिंग मास्तरांनाही लावले होते, ते वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत. मिलमध्ये कापसाची धूळ सतत उडत असायची आणि ती यंत्रात गेली तर संपलंच. वीज कमी-जास्त झाली तर घात, उंदराने वायर कुरतडली तर घात, आग लागली तर बोलायलाच नको. आणि चोर. यंत्र चोरून कोण कुठं विकणार होतं देव जाणे, पण खोलीला मी दोन कुलपं लावून घेतली होती. धोका कुठून कुठून येऊ शकतो हे मी साहेबांना बोटांवर मोजून मोजून सांगायचो. साऱ्या यादीत एका माणसाचं नाव नव्हतं, हे आता लक्षात येतंय.

बाहेरच्या छोट्या खोलीत पद्मा बसायची. पंचिंग मशीनवर कार्डं पंच करणं हे तिचं काम. मॅट्रिक झालेली, तेलुगू बोलणाऱ्या विणकर घरातली, माझ्याहून पुष्कळ लहान. मला सिद्रामअण्णा म्हणायची. तिचे वडील घरी बसून जकार्डचे पुठ्ठे पंच करायचे — चादरीवर मोर किंवा कमळ यायचं तर मागावर त्या भोकांच्या पुठ्ठ्यांची माळ चढवावी लागते, ती ते बनवायचे. त्यांची नजर अधू होत चालली होती. त्यामुळं घर पद्माच्या नोकरीवर येऊन टेकलं होतं, आणि नोकरी अजून कच्ची होती. संक्रांत झाली की कायम करू, असा साहेबांनी तिला शब्द दिला होता.

तिच्या दोन सवयींनी माझं डोकं फिरायचं. एक म्हणजे वापरून झालेली कार्डं ती रद्दीत जाऊ द्यायची नाही. टेपेवर चढली की कार्डांचं काम संपलं, मी सांगून दमलो. ती गठ्ठे बांधून भिंतीला लावून ठेवायची.

"आमच्या घरी पुठ्ठा टाकत नाहीत की, अण्णा," म्हणायची. "तेच फूल परत कवा मागतील, काय सांगावं?"

आग लागेल एवढ्या कागदाने, असं मी तिला दहादा सुनावलं असेल. दुसरी सवय लोहचुंबकाची. नालाच्या आकाराचा, लाल रंग उडालेला, वडिलांचा. जमिनीवर सांडलेल्या सुया गोळा करायला ते घरी वापरत. खात्यांतून हजेरीच्या चिठ्ठ्या तिच्याकडं पंच व्हायला टाचण्या लावून येत. एखादी टाचणी कार्डांबरोबर यंत्रात गेली तर यंत्र अडायचं. म्हणून पद्मा तो लोहचुंबक टेबलावरून फिरवायची आणि सगळ्या टाचण्या उचलून डबीत टाकायची. टेपांच्या खोलीत मात्र तो न्यायचा नाही, हे मीच तिला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. टेपेवरचं सगळं चुंबकानेच लिहिलेलं असतं आणि चुंबकानेच पुसलं जातं. कितीदा शिकवलं असेल मी हे! मलाच ते पाठ होतं.

आता टेपांचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. बदली कामगारांची हजेरी आमच्या टेपेवर असायची. कायम नसलेला, कुणी गैरहजर असेल तर त्याच्या जागी काम मिळणारा तो बदली. किती दिवस भरले यावर त्याला कायम करायचा की नाही ते ठरायचं. म्हणजे गिरणीच्या फाटकावर रोज सकाळी उभ्या राहणाऱ्या माणसांचं नशीब त्या तपकिरी पट्टीवर. ती एकच ठेवून कसं चालेल? म्हणून तीन असत. या आठवड्याची ताजी ती पोरगा, गेल्या आठवड्याची ती बाप, त्याआधीची ती आजा. पोरगा बिघडला तर बापावरून नवा करता येतो, बाप गेला तर आज्यावरून. पद्मा आज्याला 'ताता' म्हणायची, तिच्या भाषेत. नियम असा की आजा कधीही त्या दोघांबरोबर एका छपराखाली ठेवायचा नाही. दर शनिवारी मी तो डबा सायकलला बांधून चाटी गल्लीतल्या मिलच्या दुकानाच्या तिजोरीत ठेवून यायचा, असं ठरलं होतं.

मी नेत नव्हतो. पहिले काही महिने नेला. मग एका शनिवारी सायकल पंक्चर होती, पुढच्या शनिवारी ऊन होतं, त्यापुढच्या शनिवारी भागवत टॉकीजला मॅटिनी होती. दोन कुलपांच्या आत कुठं काय होणार? साहेब विचारायचे, "आजा गेला का?" मी म्हणायचो, "गेला, साहेब." इतकं सोपं होतं ते. एकदा खोटं बोललो की पुढच्या वेळी ते खोटं वाटतच नाही — तुमचा काही असा अनुभव?

त्या वर्षीच्या गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीतल्या सिद्धरामाच्या यात्रेला, आमच्या कामगार मंडळाने नंदीध्वजांच्या मिरवणुकीच्या वाटेवर मांडव घातला होता. पाणी, गूळ-शेंगा आणि दिवसभर भक्तिगीतं. त्यासाठी मंडळाने लाउडस्पीकरचे नवे कर्णे घेतले होते. आधीच्या वर्षी शेडमधून एक कर्णा चोरीला गेला होता, त्यामुळं सगळे धास्तावलेले. किंक्रांतीला मांडव उतरला आणि दिवेलागणीला माझा मित्र मल्लू हातगाडी घेऊन माझ्या कॉम्प्युटर-रूमच्या दारात. इलेक्ट्रिक खात्यात होता तो.

"सिद्राम, तुझ्या खोलीवानी कुलूप आख्ख्या मिलमंदी न्हाय बघ," तो म्हणाला. "सोमवारपत्तूर ठिव की. तुझ्याबिगर कोन उघडतंय?"

हे शेवटचं वाक्य त्याने बोलायला नको होतं. माझी छाती फुगली. ज्या माणसाला मी अंगावरचे तंतू झटकल्याशिवाय आत येऊ देत नव्हतो, तो आज माझ्या कुलपाच्या भरवशावर आला होता. मी दोन्ही कुलपं काढली. पत्र्याचे भोंगे भिंतीला लावले. त्यांच्या मागं जे जड गोळे असतात, ज्यातून आवाज निघतो, ते मल्लूने सोडवून वेगळे केले होते. तेच तर महाग. ते उघड्यावर नको म्हणून मी टेपांचं लाकडी कपाट उघडलं. पोरगा, बाप आणि आजा शेजारी शेजारी उभे होते. त्यांच्या समोरच्या रिकाम्या जागेत मी ते गोळे रचले, मावेनात म्हणून दोन टेपांच्या डब्यांवर ठेवले, आणि कपाटालाही कुलूप घातलं.

त्या गोळ्यात काय असतं? चुंबक. पद्माच्या हातातल्याच्या कितीतरी पट मोठा. मला माहीत नव्हतं का? बी.एस्सी.ला फिजिक्स होतं माझं. पण त्या क्षणी ते माझ्यासाठी मंडळाचे कर्णे होते आणि मी त्यांचा रखवालदार होतो. ज्याला आपण धोका म्हणतो तो बाहेरून येतो, अनोळखी असतो, अशी काहीतरी माझ्या डोक्यात घट्ट समजूत होती. मल्लू अनोळखी नव्हता. सिद्धरामाच्या यात्रेत वाजलेले कर्णे अनोळखी नव्हते. सोमवारी सकाळी कुणी यायच्या आत मी ते त्याच्या हवाली केले आणि त्याने दिलेला तिळाचा लाडू खात खात यंत्र सुरू केलं.

पोरगा वाचता येईना. बाप लावला, तोही नाही. आजा लावला तोही गेलेलाच, आणि तोपर्यंत मला सगळं कळलं होतं.

तेव्हाच सांगायला हवं होतं. हो ना?

पुण्याहून इंजिनियर आले. टेपा तपासून म्हणाले, या कुठल्यातरी चुंबकाजवळ गेल्यात. साहेब सगळ्यांना घेऊन बाहेरच्या खोलीत उभे होते. साहेबांनी विचारलं, "चुंबक? इथं चुंबक कुठून आला?"

मी एक शब्दही बोललो नाही, याची शपथ घ्यायला मी कुठंही तयार आहे — आणि याच शपथेवर मी इतकी वर्षं काढली. मी फक्त बघितलं. पद्माच्या टेबलाकडं. टाचण्यांच्या डबीशेजारी तो लाल नाल पडला होता, त्याच्यावर माझी नजर गेली आणि साहेब माझ्याकडंच बघत होते, त्यामुळं त्यांची नजर माझ्या नजरेमागून तिथं गेली. आपोआप गेली का माझी नजर? नाही. मी नेली. हे आज पहिल्यांदाच सांगतोय, पण मी नेली.

पद्माने तो उचलला. तिचा चेहरा उतरला. "साहेब, हा बाहेरच असतो की," एवढं म्हणाली. मग स्वतःशीच आठवायला लागली. "गड्ड्याच्या आधी मी कपाट पुसलं... तवा कमरेला खोचलेला होता का काय... आठवंना मला." कुणी काही म्हणायच्या आत ती स्वतःच म्हणाली, "माझ्याच हातनं झालं असंल, साहेब."

इतकी सरळ मुलगी. मी समोर उभा.

आज्याचं साहेबांनी विचारलंच. आजा इथं कसा? मी म्हणालो, नवी प्रत काढायला परत आणला होता. तेही चाललं. आणि इंजिनियरांना स्टेशनवर सोडायला मीच गेलो होतो. गाडीला उशीर होता. ते चहा पिता पिता म्हणाले, "एवढ्याशा खेळण्याने तीन टेपा जातील असं मला वाटत नाही हो." म्हणजे देवाने अजून एकदा दार उघडून धरलं होतं. मी काय म्हणालो सांगू? "आमच्याकडे उष्णता फार." जानेवारीत!

मिल मात्र वाचली, ती पद्मामुळं. भिंतीला लावलेले ते गठ्ठे. एकही कार्ड तिने टाकलं नव्हतं. तिने ते क्रमाने लावले, आम्ही यंत्राकडून ते पुन्हा वाचून घेतले आणि बदली कामगारांची हजेरी जशीच्या तशी उभी राहिली. फाटकावरच्या ज्या माणसांना कायम व्हायचं होतं ते झाले. त्यांना काही कळलंही नाही. पद्मा कायम झाली नाही. साहेबांनी तिला काढलं नाही, हाच मोठेपणा म्हणाले, पण दिलेला शब्द मागं घेतला आणि कॉम्प्युटर-रूमची पायरी चढायची नाही असं सांगितलं. मी तो हुकूम तिला वाचून दाखवला. काही महिन्यांनी ती नोकरी सोडून गेली. जाताना मला म्हणाली, "अण्णा, तुमच्या खोलीला माझ्यामुळं बट्टा लागला."

पुढं तिने घराच्या ओसरीवर दोन टाइपरायटर ठेवून मुलींचा क्लास काढला. मग कॉम्प्युटर आले तसे कॉम्प्युटर ठेवले. आमची मिल बंद पडली, आम्ही सगळे कायम झालेले रस्त्यावर आलो, तेव्हा तिचा क्लास जोरात चालला होता. म्हणजे झालं ते तिच्या भल्याचंच झालं, असं एका मित्राने सहज बोलता बोलता म्हटलं, त्याला बाकी काही माहीत नसताना. मला ते वाक्य फार आवडलं. रात्रभर कुरवाळत बसलो. सकाळी फेकून दिलं. तिचं भलं तिने केलं. त्यात माझा काय वाटा?

आता साऱ्या पेठेत ती पद्माक्का आहे. केस पांढरे झालेत, चष्मा जाड झालाय. मागच्या वर्षी तिने मला नव्या बॅचच्या पहिल्या दिवशी पाहुणा म्हणून बोलावलं. सोलापुरातले पहिले कॉम्प्युटरवाले म्हणून हार घातला. मग मुलींना म्हणाली, आज पहिला धडा, कॉम्प्युटर सुरू करायच्या आधीचा. तिने पर्समधून तो लोहचुंबक काढला. रंग आता अजिबात उरलेला नाही.

"माझ्या हातनं एकदा लई मोठी चूक झाली," तिने सुरुवात केली, आणि सगळं सांगितलं. टेपा, कपाट, कमरेला खोचलेला लोहचुंबक. कशी तिच्या निष्काळजीपणामुळं माणसांची हजेरी पुसली गेली. "पासवर्ड, व्हायरस मग शिकू. आधी हे लक्षात ठेवा, नुकसान करायला बाहेरनं कुणी यायला लागत नाही. ते आपल्याच हातात असतंय. आणि चूक झाली तर आधी सांगायचं, मग दुरुस्त करायचं. सिद्रामअण्णा साक्षीला आहेत." मुली माझ्याकडं बघून टाळ्या वाजवायला लागल्या. मी हात जोडले.

इतकी वर्षं, दर बॅचला, ती माझा गुन्हा आपल्या नावावर कबूल करत आली होती. न लाजता, न रडता. आणि ज्याचा होता तो गळ्यात हार घालून बसला होता. ती जर हे करू शकते, खोट्या चुकीसाठी, तर खऱ्या चुकीसाठी मला काय धाड भरली होती? त्या दिवसापासून मला झोप लागत नाही असं म्हणणार नाही; लागते. पण सकाळी उठलो की पहिल्यांदा तो लाल नाल दिसतो.

येत्या रविवारी नवी बॅच सुरू होते. मी काल तिला फोन केला. म्हटलं, या वेळी धड्याच्या आधी मी बोलतो, चालेल का. ती खूष झाली. "या की अण्णा, पोरींना जुनं सांगा. आम्ही मेल्यावर कोण सांगणार?" म्हणाली.

मुलालाही घेऊन जाणार आहे. त्यानेही ऐकू दे. पद्माक्काचा धडा काही खोटा ठरणार नाही. त्यातलं एक नाव तेवढं बदलावं लागेल, आणि नंतर ती तो कदाचित याहून चांगला शिकवेल. माझ्याबद्दल तिने काय करायचं ते तिचं ती बघेल. खुर्चीत न बसता उभं राहून बोलायचं, एवढं मी ठरवलंय. वाक्यंही ठरली आहेत. पद्माक्का, तुझा लोहचुंबक टेपांजवळ कधीच गेला नव्हता. कपाटात कर्णे मी ठेवले. कुलूप मी लावलं. आणि साहेबांनी विचारलं तेव्हा तुझ्या टेबलाकडं मी बघितलं.